आईला रोम दाखवायचंय: दोघीच, ८-९ दिवस, बजेट साडेतीन लाख

मुक्ता_शंकरनगर
नमस्कार मंडळी. माझी आई ६४ वर्षांची आहे. ३१ वर्षं अनुदानित शाळेत चित्रकला शिकवली, एलिमेंटरी-इंटरमिजिएटला मुलं बसवली. तिच्याकडे पानं सुटलेलं एक जुनं चित्रांचं पुस्तक आहे. त्यात व्हॅटिकनमधल्या सिस्टिन चॅपेलच्या, मायकेलअँजेलोनं रंगवलेल्या छताचं चित्र आहे, वहीच्या पानाएवढं. छपाईत रंग सरकले आहेत, त्यामुळे आदमचं बोट आणि देवाचं बोट यांच्या मधल्या जागेत एक लाल रेघ आली आहे. दर वर्षी वर्गात ते पान दाखवताना ती सांगायची, "मुलांनो, ही रेघ विसरा, इथं काही नाही असं समजा." आता म्हणते, मला ती जागा स्वतःच्या डोळ्यांनी पाहायची आहे.

मी नागपूरला मिहानमध्ये नोकरी करते, दहा-बारा दिवस सुट्टी मिळेल. आईचा उजवा गुडघा दुखतो. रामटेकच्या पायऱ्या थांबत थांबत चढते. शुद्ध शाकाहारी, अंडंही नाही. विमान, व्हिसा, राहणं, खाणं, तिकिटं सगळं धरून दोघींचे साडेतीन लाख आहेत, त्याच्या वर जाता येणार नाही. टूर घ्यावी की आपलं आपण जावं? कधी जावं? राहावं कुठे?

प्रतापनगरचे_काका
मुक्ताताई, आईंचं वय पाहता टूरशिवाय विचारच करू नका. आम्ही गेल्या मे महिन्यात सात जण गेलो, १४ दिवस, ९ देश. माणशी सव्वातीन लाख. सोबत स्वयंपाकाचे महाराज होते, पॅरिसमध्ये पिठलं-भाकरी आणि ठेचा खाल्ला. सामान उचलायचं नाही, भाषेची कटकट नाही. माझी मिसेस ६६ वर्षांची आहे, सगळं छान झालं.

मुक्ता_शंकरनगर
धन्यवाद काका. पण साडेतीन लाख दोघींचे मिळून आहेत.

विदर्भ_वारा
टूर नका घेऊ. नाव नाही घेत, पण मोठ्या कंपनीसोबत गेलो होतो. रोमला एक दिवस. त्यात कोलोसियम बाहेरून वीस मिनिटं, त्रेवीचं कारंजं पंधरा मिनिटं, आणि व्हॅटिकन म्युझियममध्ये गाइड झेंडा घेऊन पळून राहिला होता. सिस्टिन चॅपेलमध्ये शिरलो तेव्हा म्हणे दहा मिनिटांत बाहेर. माझी आई नकाशांच्या गॅलरीतच मागे पडली होती. ती पोचली तेव्हा आमचा ग्रुप दाराकडे निघाला होता. तिनं छत पाहिलंच नाही. अजूनही विषय निघाला की ती गप्प बसते, आणि मला ते लागतं. तुमच्या आईला तर तेच पाहायचं आहे, म्हणून मुद्दाम लिहितो.

धरमपेठ_पोट्टा
ताई, रोमच काहून? दगडं पाहाले चार लाख काहून घालता? स्वित्झर्लंडले जा नं. आम्ही टिटलिसले गेलो होतो, आई बर्फात अशी खेळली का विचारू नका. फोटो पाहून सारे नातेवाईक विचारून राहिले.

निशा_बजाजनगर
दोन वर्षांपूर्वी सासूबाईंना घेऊन गेले होते, म्हणून जे नक्की माहीत आहे तेच लिहिते.

इटलीला शेंगेन व्हिसा लागतो, त्याची फी ९० युरो, वर व्हिसा केंद्राचं सेवाशुल्क. अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून करता येतो आणि निदान पंधरा दिवस आधी द्यावाच लागतो. तुम्ही दोन महिने हाताशी ठेवा. प्रवास विमा किमान ३०,००० युरोचा हवा. आईंच्या पेन्शनचं पासबुक आणि बँकेचं स्टेटमेंट जोडा. बोटांचे ठसे द्यायला आम्ही मुंबईला गेलो होतो, तो रेल्वेचा खर्चही धरा.

फ्युमिचिनो विमानतळावरून शहरात यायला टॅक्सीचा दर ठरलेला आहे, जुन्या तटबंदीच्या आत कुठेही ५५ युरो. लिओनार्डो एक्स्प्रेस ही रेल्वे ३२ मिनिटांत टर्मिनी या मुख्य स्टेशनला सोडते, माणशी १४ युरो. दोघी असाल आणि रात्री पोचत असाल तर टॅक्सीच घ्या, गुडघा वाचेल.

हॉटेलच्या बिलाव्यतिरिक्त शहराचा कर लागतो, माणशी दर रात्री. तीन तारा हॉटेलला ६ युरो. हा बुकिंगमध्ये दिसत नाही आणि निघताना रोख मागतात. आम्हाला माहीत नव्हतं, शेवटच्या सकाळी एटीएम शोधत फिरलो.

आणि बूट. रस्त्यात सगळीकडे काळ्या दगडाचे लहान चौकोनी ठोकळे बसवलेले आहेत, मधल्या फटीत टाच अडकते. चपला, सँडल नकोत. जाड तळव्याचे बूट घ्या आणि महिनाभर आधी अंबाझरी तलावाला घालून फिरवा.

अमरावती_ते_आम्स्टरडॅम
मी इकडे आम्स्टरडॅमला अकरा वर्षं आहे. एवढं तिकीट काढून नुसतं रोम पाहणं मला पटत नाही. वेगवान रेल्वेनं फ्लॉरेन्स दीड तास, व्हेनिस चार तास. तीन-तीन-तीन रात्री करा. आई चित्रकलेच्या शिक्षिका असतील तर फ्लॉरेन्स चुकवणं बरं नाही, मायकेलअँजेलोचा मूळ 'डेव्हिड' पुतळा तिथे आहे. एप्रिलच्या शेवटी या, ट्यूलिपही होतील. आमच्याकडे राहा.

प्रतापनगरचे_काका
ट्यूलिप आमच्या टूरमध्ये होते.

सदर_रेसिडेन्सी
मे महिन्यातच जा. नागपुरात ४५ डिग्री असताना रोममध्ये २३-२४ असतं. आम्ही दर वर्षी मेमध्येच बाहेर पडतो, घरी कुलूप आणि कूलर बंद. टर्मिनी स्टेशनजवळ राहा, सगळीकडे जायला सोपं.

निशा_बजाजनगर
मेमध्ये हवा छान असते, पण गर्दी आणि हॉटेलचे दर दोन्ही चढलेले असतात. ऑगस्ट तर अजिबात नको, ऊन कडक आणि दुकानदारच सुट्टीवर जातात.

इतवारी_मसाला
खाण्याची चिंता करू नका. पिझ्झा अल तालियोची दुकानं गल्लोगल्ली आहेत. मोठ्या ट्रेमधून कात्रीनं कापून वजनावर देतात. बोटानं दाखवायचं, एवढा. मारिनारा नावाचा पिझ्झा मागा: टोमॅटो, लसूण, ओरेगानो, तेल, चीज नाहीच. सुका पास्ता बहुतेक रव्याचा असतो, ताज्या पास्त्यात अंडं असतं, म्हणून "सेंझा उओवा" (अंड्याशिवाय) हे दोन शब्द पाठ करा. सोबत लाल तिखट न्या, आम्ही पिझ्झ्यावर कोरडी शेंगदाण्याची चटणी घातली. कॉफी काउंटरवर उभ्यानं घेतली तर स्वस्त, टेबलावर बसलं की दर वेगळा.

जैन_लकडगंज
चीजबद्दल कोणी सांगितलं नाही म्हणून लिहितो. पेकोरिनो आणि पार्मिजानो बनवताना दूध फाडायला जनावराच्या पोटातलं रेनेट वापरतात. शुद्ध शाकाहारी असाल तर दोन्ही चालत नाहीत.

इतवारी_मसाला
भाऊ, इतकं पाहत बसलं तर माणूस उपाशी राहील. आम्हीही माळकरी आहोत, आम्ही खाल्लं.

जैन_लकडगंज
तुम्ही खाल्लं तो तुमचा प्रश्न. त्यांनी शुद्ध शाकाहारी लिहिलं आहे, माहीत असलेलं सांगणं माझं काम. माझ्या आईला परत आल्यावर कळलं आणि तिनं आठवडाभर एकासन केलं, म्हणजे दिवसातून एकदाच जेवली. ते मला पुन्हा कोणाच्या घरी व्हायला नको आहे.

मुक्ता_शंकरनगर
भाऊ, बरं झालं सांगितलंत. आईला विचारलं, ती म्हणाली चीज नको. मारिनारा, फळं, ब्रेड आणि आपलं भाजणीचं पीठ.

बर्डी_एक्स्प्रेस
पाकीट सांभाळा. टर्मिनीहून व्हॅटिकनकडे जाणाऱ्या भरलेल्या बसमध्ये माझ्या खांद्यावरच्या पिशवीची चेन कोणीतरी उघडली, मला कळलंही नाही. २४० युरो गेले, पासपोर्ट पोटाच्या पट्ट्यात होता म्हणून वाचला. तेव्हापासून मी सगळ्यांना हेच सांगतो.

व्हॅटिकन म्युझियम महिन्याच्या शेवटच्या रविवारी फुकट असतं, त्या दिवशी जा, पन्नास युरो वाचतील.

रंगपेटी
त्या रविवारी मी गेले होते. रांग भिंतीला धरून कुठल्या कुठे गेलेली, आणि आत माणसाला माणूस चिकटलेला. गुडघा दुखणाऱ्या बाईला तिथे पाठवू नका.

मीही चित्रकलेचीच, चिटणीस पार्कजवळ क्लास घेते, म्हणून जरा मोठं लिहिते. म्युझियमचं तिकीट त्यांच्या स्वतःच्या साइटवरून घ्या, २० युरो आणि बुकिंगचे ५. दलालांच्या साइटवर तेच दुपटीनं असतं. इतर रविवारी बंद असतं. आत ओळखपत्र ठेवून चाकाची खुर्ची फुकट मिळते, आणि ती घ्यायला लाजू नका. सिस्टिनपर्यंतची वाट फार लांब आहे, पाय तिथेच संपतात आणि छताखाली पोचेपर्यंत माणूस खालीच पाहायला लागतो.

चॅपेलमध्ये फोटो काढू देत नाहीत. बाजूच्या भिंतींना लागून बाकं आहेत. मधोमध उभं राहू नका, कडेला थांबा, कोणी उठलं की बसा. छत वीस मीटर उंच आहे. मान वर करून पाच मिनिटांत चक्कर येते. मी हातातला आरसा नेला होता, कंगव्याबरोबर मिळतो तसा, तळहाताएवढा. मांडीवर ठेवला आणि खाली पाहत छत पाहिलं. उलटं दिसतं, पण एक-एक आकृती शांतपणे वाचता येते. मग मान वर करून तीच आकृती शोधायची. माझी अख्खी दुपार तशी गेली.

लोक म्हणतात मायकेलअँजेलोनं ते पाठीवर झोपून रंगवलं. नाही. १५०८ ते १५१२ तो मचाणावर उभा राहून, मान मागे टाकून रंगवत होता, रंग तोंडावर गळत होता. आईंना हे माहीत असणारच. समोरच्या भिंतीवरचं 'अंतिम न्याय' त्यानं नंतर, १५३६ ते १५४१ मध्ये केलं.

बाकी रोममध्ये उत्तम चित्रं चर्चमध्ये फुकट आहेत. सान लुइजी देई फ्रांचेझी या चर्चमध्ये काराव्हाज्जो या चित्रकाराची संत मॅथ्यूवरची तीन चित्रं एका अंधाऱ्या कोपऱ्यात आहेत; पेटीत नाणं टाकलं की दिवा लागतो, थोड्या वेळानं जातो. सुटी नाणी ठेवा. सान पिएत्रो इन व्हिंकोलीत मायकेलअँजेलोचा मोझेसचा पुतळा आहे. बरीचशी चर्च दुपारी साडेबारा ते तीन-चार बंद असतात, तेवढ्यात जेवून घ्या.

विदर्भ_वारा
आरशाचं आधी माहीत असतं तर.

महाल_गांधीगेट
पॅन्थिऑन हे जुनं रोमन देऊळ नक्की पाहा. घुमटाचा व्यास ४३ मीटरच्या वर, सळई नसलेलं काँक्रीट, जवळपास एकोणीसशे वर्षं उभं. वर मधोमध मोठं उघडं छिद्र आहे, पाऊस सरळ आत पडतो आणि फरशीतल्या भोकांतून वाहून जातो. दीक्षाभूमीच्या स्तूपात आत उभं राहून वर पाहिलं की आवाज जसा लहान होतो, तसंच तिथे झालं मला. तिकीट लागतं. आत पायऱ्या नाहीत.

सेंट पीटरच्या घुमटावर मात्र आईंना नेऊ नका. ५५१ पायऱ्या, लिफ्ट घेतली तरी वरच्या ३२० चढाव्याच लागतात, भिंत तिरकी होत जाते. खालचं चर्च फुकट आहे, मायकेलअँजेलोचं 'पिएता' हे शिल्प तिथेच आहे.

धरमपेठ_पोट्टा
टिटलिसले पायऱ्या नाहीत. केबलकार आहे.

निशा_बजाजनगर
पाण्याचं राहिलं. रस्त्यावर लोखंडी नळ आहेत, दोन हजारांच्या वर, चोवीस तास वाहतात आणि पाणी पिण्याचं. नळाच्या तोंडाला बोटानं दाबलं की वरच्या छोट्या भोकातून धार उसळते, वाकावं लागत नाही. सासूबाईंना ते इतकं आवडलं की प्रत्येक नळाशी थांबायच्या. बाटली विकत घेऊ नका.

मुक्ता_शंकरनगर
सगळ्यांचे मनापासून आभार. रात्री आईला सगळं वाचून दाखवलं. तिनं वही घेतली आणि एकेक खोडत गेली. आमचं ठरलं ते असं.

फेब्रुवारीत जातोय, फक्त रोम, ९ रात्री, आपलं आपण. नागपूरहून दोहामार्गे माणशी ६२ हजारांत मिळालं. राहणार व्हॅटिकनच्या बाजूच्या सपाट भागात, ओत्ताव्हिआनो मेट्रोजवळ, म्हणजे सकाळी चालत जाता येईल. आम्स्टरडॅमचं आमंत्रण आठवणीत ठेवलंय, पण आईला रोज सामान बांधायचं नाही. फ्लॉरेन्स नाही. कोलोसियम बाहेरूनच.

आणि व्हॅटिकन म्युझियमला दोनदा जाणार. पहिल्यांदा मंगळवारी, मग बुधवारी. आई म्हणते, पहिल्या दिवशी नुसतं पाहीन, दुसऱ्या दिवशी नीट बघीन.

प्रतापनगरचे_काका
एकाच ठिकाणी दोनदा जायला शंभर युरो? मुक्ताताई, युरो शंभराच्या वर गेलाय. त्या पैशात नेपल्स-पॉम्पेई होईल.

सदर_रेसिडेन्सी
फेब्रुवारीत थंडी फार. पहाटे तीन-चार डिग्री असते. वयस्कर माणसाला नेऊ नका. मे उत्तम.

अमरावती_ते_आम्स्टरडॅम
दोनदा जायचं काही कारण नाही, एकदा पाच तास बसा. फ्लॉरेन्स एका दिवसाचं तरी करा.

रंगपेटी
मीही एकदाच म्हटलं असतं. पण फेब्रुवारीत जात असाल तर एक लक्षात ठेवा: ११ तारखेला म्युझियम बंद असतं. बुकिंगच्या आधी तारखा पाहा. आणि संध्याकाळी साडेपाचलाच अंधार पडायला लागतो, बाहेरचं सगळं सकाळी उरका.

मुक्ता_शंकरनगर
११ तारखेचं खरंच माहीत नव्हतं, आमचा दुसरा दिवस नेमका तोच येत होता. आता ६ आणि १३, दोन्ही शुक्रवार, आणि त्याप्रमाणे विमानही सरकवलं. हिशेब सव्वातीन लाखांत बसतोय. थंडीसाठी आईचा दिल्लीहून आणलेला कोट आहे.

बूट काल सीताबर्डीत घेतले. आज सकाळी ती ते घालून अंबाझरीला अर्धी फेरी मारून आली, टाचेला थोडं लागलं म्हणते. आणि आरसा तिच्या जुन्या रंगपेटीत निघाला, पोर्ट्रेट शिकवताना मुलांना देत असे तो. एका कडेला टवका गेलाय. नवा घेऊ म्हटलं तर नको म्हणाली. कडेला चिकटपट्टी लावून ठेवलाय.

विदर्भ_वारा
ताई, बाकांवर जागा मिळायला दोन्ही दिवस सकाळी आठचीच वेळ घ्या. आणि परत आल्यावर त्या लाल रेघेच्या जागी काय आहे ते आईंना इथे लिहायला सांगा. मी माझ्या आईला वाचून दाखवीन.