जुन्या डेस्कटॉपला ग्राफिक्स कार्ड: पैसे सत्कारणी की खाडीत?

होडीवाला:
मालवणात आमचं छोटं होमस्टे आहे. पाहुणे स्नॉर्कलिंगचे व्हिडिओ फोनवर काढतात, रात्री मी ते जोडून देतो. डेस्कटॉप २०१४ मध्ये घेतलेला: आय५-४५७० प्रोसेसर, एच८१ चिपसेटचा मदरबोर्ड, ८ जीबी रॅम. एसएसडी मागाहून टाकली. हल्ली फोनचे व्हिडिओ एचईव्हीसीत येतात, म्हणजे जास्तच दाबून बसवलेले. एडिटिंगच्या टाइमलाइनवर टाकले की चित्र जागीच थिजतं आणि आवाज पुढे पळतो. मेव्हणा मुंबईहून वापरलेलं जीटीएक्स १६५० ग्राफिक्स कार्ड आणतोय, साडेसहा हजारांत. माझं मत, घ्यावं. धडधाकट मशीन भंगारात का घालायचं? विरोधात बोला, पण कारण द्या. "नवीन घे" एवढंच नको.

कातळसडा:
नवीन नको, पण कार्डही नको. तुमच्या प्रोसेसरमधलंच ग्राफिक्स, एचडी ४६००, एचईव्हीसी नीट उलगडू शकत नाही, म्हणून सगळा भार चार कोअरवर येतो. दुखणं एवढंच. आठव्या पिढीचा आय५-८५०० घातलेले ऑफिसातून निघालेले डेस्कटॉप आता वापरलेले मिळतात. त्यातलं यूएचडी ६३० दहा बिटचं एचईव्हीसीसुद्धा सहज उलगडतं. शिवाय विंडोज १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. तुमच्या चौथ्या पिढीच्या प्रोसेसरला विंडोज ११ अधिकृतपणे चालत नाही, कितीही भारी कार्ड लावा. म्हाताऱ्या बैलाला नवी झूल घालून नांगर ओढला जात नाही.

तिरफळ:
बैलाचं राहू द्या, इथे गाडीलाच चाक हवंय. १६५० एचईव्हीसी उलगडतं आणि एक्सपोर्टसाठी, म्हणजे तयार व्हिडिओ पुन्हा दाबून बसवायला, त्यात वेगळा एन्कोडरही आहे. व्हिडिओला रंग देणं, हलणारं चित्र स्थिर करणं ही कामं यूएचडी ६३० वर करून बघा, चहा दोनदा गार होईल. ज्यांना वेगळी पॉवर केबल लागत नाही असे १६५० चे प्रकार आहेत, ते मदरबोर्डच्या स्लॉटमधूनच ७५ वॉटपर्यंत घेतात. मात्र काहींना सहा पिनची केबल लागते. मेव्हण्याला आधी फोटो पाठवायला सांगा.

एक सावधगिरी. स्वस्त आणि छोटं म्हणून कुणी आरएक्स ६४०० कार्ड गळ्यात मारेल. ते डेटाच्या फक्त चार लेनवर चालतं आणि एच८१ वरचा स्लॉट पीसीआयई २.० चा, जुना आणि हळू. म्हणजे आधीच अरुंद घाट आणि त्यात एकेरी वाहतूक. वर त्यात व्हिडिओ एन्कोडर नाहीच. तुमच्या कामाला शून्य.

पडवीतलो:
माका ह्यातला कायएक कळणा नाय. पण मागच्या पावसात आमच्याकडे लाईट गेली ती इली तीच धाडकन इली. टीव्ही, पंप आणि झिलाचो कॉम्प्युटर, तीनय एकदम गेले. कार्ड घेवचा तर घ्या, पयला अर्थिंग बघा.

खारा वारा:
पडवीतले बरोबर बोलले. मी वेंगुर्ल्यात रिपेअरिंग करतो, माझ्या टेबलावर कार्डं जळून कमी येतात आणि गंजून जास्त. परवा एक कॅबिनेट आलं, घर समुद्रापासून हाकेच्या अंतरावर. कार्डाचा ब्रॅकेट धरणारा स्क्रू भोकातच गंजून बसलेला, शेवटी ड्रिलने काढला. स्लॉटवर हिरवी पुटं, पंख्याच्या पात्यांवर ओलसर, चिकट धूळ. एसएमपीएस, म्हणजे वीज पुरवणारा डबा, उघडला तर आत पालीची वाळलेली कातडी. इतके पावसाळे काढलेल्या मशीनमध्ये कार्ड बसवताना आधी स्लॉट बघावा. कार्डाचे सोनेरी दात पांढऱ्या खोडरबराने हलक्या हाताने घासून घ्यावेत.

आणि एसएमपीएसच्या अंगावर "४५० वॉट" लिहिलंय म्हणून भुलू नका. लेबलवर +१२ व्होटपुढे किती अँपिअर आहेत ते इथे लिहा.

होडीवाला:
आत्ताच टॉर्च लावून वाचलं. +१२ व्होट, १४ अँपिअर. पाटी ४५० ची.

खारा वारा:
१२ गुणिले १४ म्हणजे १६८ वॉट. प्रोसेसर ८४ चा, कार्ड ७५ चं, झाले १५९. पंखे आणि बाकीचं अजून धरलंच नाही. असल्या डब्याच्या लेबलवर मी तेवढाही विश्वास ठेवत नाही. एसएमपीएस बदलल्याशिवाय कार्ड लावू नका.

कातळसडा:
म्हणजे कार्ड, एसएमपीएस, आणि ८ जीबीत एडिटिंग होत नाही म्हणून रॅम. तीही जुन्या डीडीआर३ प्रकारची, जी पुढच्या मशीनला लागणारही नाही. बेरीज करा आणि मग मला बैलावरून बोला.

तिरफळ:
एसएमपीएस आणि कार्ड दोन्ही पुढच्या मशीनमध्ये जातील की! तुमच्या त्या ऑफिसच्या डेस्कटॉपमध्ये बऱ्याचदा कंपनीचा स्वतःचा वेगळ्या पिनांचा एसएमपीएस असतो. पावसात तो उडाला तर मालवणात कुठे शोधणार? विंडोजचं मान्य, त्याला माझ्याकडे उत्तर नाही.

होडीवाला:
मेव्हण्याचा फोटो आला. कार्डाला सहा पिनची जागा आहे, आणि माझ्या एसएमपीएसला तशी केबलच नाही. त्याला म्हटलं, थांब जरा. शनिवारी वायरमन अर्थिंग बघायला येतोय. अर्थिंगचा खड्डा जांभ्यातला आहे, मे महिन्यात ठणठणीत कोरडा असतो, तेव्हा आधी त्यात दोन घागरी पाणी ओततो. बायको विचारतेय की कॉम्प्युटर दुरुस्त करायचाय की माड शिंपायचाय.