तान्ह्या पोळ्यासाठी पॉपकॉर्नचे गुळाचे लाडू: पावसाळी हवेत कुरकुरीत कसे राहतील?

प्रश्न (धरमपेठ, नागपूर)

नमस्कार. तान्ह्या पोळ्याला मुले लाकडी नंदी सजवून घरोघरी येतात, तेव्हा बोजाऱ्याच्या (मुलांना द्यायच्या बक्षिसीच्या) पैशांबरोबर घरी केलेला काही खाऊ त्यांच्या हातावर ठेवण्याची आमची पद्धत आहे. यंदा पॉपकॉर्नचे गुळाचे लाडू आणि त्यासोबत थोडे मोकळे गोड पॉपकॉर्न करावेत, असा विचार आहे. अडचण हवेची आहे. या दिवसांत आपल्याकडे इतका दमटपणा असतो की सकाळी केलेले मुरमुऱ्याचे लाडूही संध्याकाळी मुले येईपर्यंत सादळतात. घरी ओव्हन नाही. गॅस आणि जाड बुडाची कढई आहे. गूळ घ्यावा की साखर, पाक कितपत कडक करावा आणि पाकात लिंबू पिळणे योग्य ठरेल का, याविषयी जाणकारांनी कृपया मार्गदर्शन करावे.

प्रतिसाद १ (महाल)

ताई, पाकाचा विचार करण्याआधी दाणे तपासून घ्या. पॉपकॉर्नच्या दाण्यात साधारण 13 ते 14 टक्के पाणी असावे लागते. दाणा सुमारे 180 अंश सेल्सिअसपर्यंत तापला की त्या पाण्याच्या वाफेचा दाब साल फोडतो. आपल्या उन्हाळ्यात उघड्या पाकिटात राहिलेले दाणे वाळून जातात आणि मग गणंग, म्हणजे न फुटलेले दाणे, फार निघतात. असे दाणे बरणीत घालून त्यांवर चमचाभर पाणी शिंपडावे, बरणी हलवावी आणि एक-दोन दिवस झाकून ठेवावी. फोडताना झाकण किंचित तिरके ठेवा, कारण वाफ आत कोंडली तर लाह्या चामट होतात आणि नंतर कितीही चांगला पाक घातला तरी त्यांना कुरकुरीतपणा येत नाही.

50 ग्रॅम दाण्यांच्या दीड ते दोन लिटर लाह्या होतात. त्यांना 150 ग्रॅम गूळ, एक मोठा चमचा तूप आणि चिमूटभर मीठ पुरते. गूळ चिक्कीचाच घ्या. वाटीभर गार पाण्यात पाकाचा थेंब टाकून पाहा. त्याची मऊ गोळी होत असेल, तर आपल्या हवेला तो पाक कच्चा आहे. थेंब काचेसारखा कट्‌कन मोडला पाहिजे. त्या वेळी पाक 146 अंशांच्या पुढे गेलेला असतो. तेथून गूळ करपायला वेळ लागत नाही, म्हणून आच मंदच हवी. गॅस बंद करून पाव चमचा खायचा सोडा घाला. पाक फुलून फिकट होईल, त्यात बारीक बुडबुडे राहतील आणि थंड झाल्यावर आवरण दाताला टणक न लागता खुसखुशीत लागेल.

लाह्या मात्र गरम हव्यात. पाक होत असताना दुसऱ्या कढईत मंद आचेवर त्या हलवत राहा. गार लाह्यांवर पडताच पाक जागीच थिजतो आणि निम्म्या लाह्या कोऱ्या राहतात.

प्रतिसाद २ (सक्करदरा)

वरील सर्व सूचनांशी मी सहमत आहे. लिंबाबद्दल माझे स्पष्ट मत आहे की या ऋतूत ते घालू नये. आंबट घटकामुळे पाकातील साखरेचे काही प्रमाणात ग्लुकोज आणि फ्रुक्टोजमध्ये विघटन होते. त्यामुळे पाक दाणेदार होत नाही हे खरे असले, तरी फ्रुक्टोज हवेतील पाणी फार ओढते आणि आवरण चिकट होते. गुळात हे घटक मुळातच असतात, म्हणून तो साखरेपेक्षा लवकर पाझरतो. लाडूंसाठी गूळच घ्यावा, कारण ती चव साखरेला नाही. मोकळ्या पॉपकॉर्नसाठी मात्र निम्मा गूळ आणि निम्मी साखर घ्यावी.

प्रश्नकर्ती

दोघांचेही मनापासून आभार. इतका कडक पाक केल्यावर लाडू वळण्यास अवधी मिळेल का? आणि येणाऱ्यांत अगदी लहान मुलेही असतात, त्यांना हा खाऊ द्यावा का?

प्रतिसाद ३ (प्रतापनगर)

अवधी फारच थोडा मिळतो. म्हणून एका वेळी आठ-दहा लाडूंपुरतेच मिश्रण करावे, हाताला तूप लावावे आणि मिश्रण घट्ट होऊ लागल्यास कढई पुन्हा मंद आचेवर धरावी. पाक हाताला चिकटून भाजतो, त्यामुळे वळण्याच्या कामाला मुलांना बसवू नये. लाडू पूर्ण गार झाले की लगेच हवाबंद डब्यात भरा. ताटात उघडे ठेवले तर तासाभरातच ओलसर होऊ लागतात. गरम असताना भरले, तर आतल्या वाफेने तेच होईल.

चार वर्षांखालील मुलांना पॉपकॉर्न देऊच नये, कारण ते घशात अडकण्याचा धोका असतो. त्यांच्यासाठी राजगिऱ्याची मऊ वडी वेगळी ठेवा. मोठ्या मुलांसाठीही पाक घालण्यापूर्वी लाह्या पसरट ताटात हलवून तळाशी बसलेले गणंग वेचून काढावेत. पाकात गेल्यावर ते दिसत नाहीत आणि चावताना दाताला इजा होते.

दिवाळीनंतर आंबिया बहाराची संत्री बाजारात आली की याच पाकात संत्र्याच्या सालीचा वरचा केशरी भाग बारीक किसून घालून पाहा. पांढरा भाग कडू असतो, तो येऊ देऊ नका. तोवर हवाही कोरडी झालेली असते, तेव्हा गोळीबंद पाकाचे लाडूही चांगले टिकतात.