वेस्ट आफ्रिका स्क्वाड्रन: गुलामवाहू जहाजे हातातून का निसटत होती?

शीडकाठी (प्रश्न विचारणारा सदस्य; खाली इतर सदस्यांची उत्तरे)

ब्रिटिश आरमाराच्या वेस्ट आफ्रिका स्क्वाड्रनने (गुलामांचा व्यापार रोखायला आफ्रिकेच्या पश्चिम किनाऱ्यावर नेमलेल्या ताफ्याने) १८०८ ते १८६० या काळात साधारण १,६०० गुलामवाहू जहाजे पकडली आणि दीड लाखाच्या आसपास माणसांची सुटका केली, हे आकडे सगळीकडे दिसतात. पण तीन गोष्टी जुळत नाहीत. एक, एवढे मोठे आरमार असताना या कामाला जुनी, संथ जहाजे का दिली? दोन, बेड्या आणि मोठाले हंडे डोळ्यांनी दिसत असूनही कित्येक जहाजे सोडून का द्यावी लागली? तीन, नाशिकजवळच्या शरणपूरला जी आफ्रिकन मुले होती, ती याच स्क्वाड्रनने सोडवलेली का?

दप्तरखाना

दुसऱ्या प्रश्नापासून सुरुवात करतो, कारण सगळा गुंता तिथेच आहे. वेगाइतकाच कायदा आडवा येत होता.

नेपोलियनची युद्धे संपल्यावर शांततेच्या काळात परक्या देशाचे जहाज थांबवून झडती घ्यायचा अधिकार ब्रिटिश कप्तानाला उरला नाही. १८१७ मध्ये ‘ल लुई’ या फ्रेंच जहाजाच्या खटल्यात लंडनच्या न्यायालयाने तसा स्पष्ट निकाल दिला. मग प्रत्येक देशाशी वेगळा तह करणे आले: पोर्तुगाल आणि स्पेन १८१७, नेदरलँड्स १८१८, ब्राझील १८२६. पोर्तुगालशी झालेला तह फक्त विषुववृत्ताच्या उत्तरेला लागू होता. अमेरिकेने झडतीचा अधिकार थेट १८६२ मध्ये दिला. त्यामुळे गुलामवाहू जहाजावर दोन-तीन देशांचे झेंडे आणि तितकेच कागदांचे संच असत. समोर कोण आले ते पाहून झेंडा चढवायचा.

त्यातही सुरुवातीच्या तहांप्रमाणे पकडण्याच्या क्षणी जहाजावर गुलाम असायलाच हवे होते. रिकामे जहाज पकडले तर सिएरा लिओनमधल्या फ्रीटाउनचे मिश्र न्यायालय (तह केलेल्या दोन्ही देशांच्या न्यायाधीशांचे) ते सोडून देई, वर नुकसानभरपाईचा बोजा कप्तानावर पडे. म्हणून कप्तान माणसे चढवली जाईपर्यंत थांबत आणि मग पाठलाग करत. पाठलाग हाताबाहेर जातोय असे दिसले की काही गुलामवाहू नाखवे पुरावा नाहीसा करायला जिवंत माणसे समुद्रात ढकलून देत. या साऱ्या इतिहासातली सर्वांत भयंकर गोष्ट हीच, आणि ती कायद्याच्या एका ओळीमुळे होत होती.

बक्षिसाची पद्धतही तशीच उलटी. पैसे सोडवलेल्या माणसामागे मिळत: १८२४ पासून १० पौंड, १८३० पासून ५ पौंड. रिकाम्या जहाजाबद्दल काही नाही. टनाच्या हिशेबाने बक्षीस पुढे सुरू झाले.

हे बदलले ते साधनसामग्रीच्या कलमाने. नेदरलँड्सने ते १८२२ मध्ये मानले, पण खरा फरक पडला तो स्पेनच्या १८३५ च्या तहाने. आता गुलाम नसले तरी पुढीलपैकी काही सापडले की जहाज जप्त: बंद झाकणांऐवजी जाळीची झाकणे, दुसरा डेक टाकता येईल इतक्या सुट्या फळ्या, बेड्या आणि साखळदंड, खलाशांच्या गरजेपेक्षा मोठा हंडा, जास्तीचा तांदूळ, मका किंवा कसाव्याचे पीठ, आणि पाण्याची जादा पिंपे.

पिंपांचा हिशेब करून पाहा. ४०० माणसे, महिन्याचा प्रवास, माणशी दिवसाला दोनच लिटर धरले तरी २४,००० लिटर पाणी झाले. म्हणजे ५०० लिटरची ४८ पिंपे. तीस-चाळीस खलाशांच्या जहाजाला एवढे पाणी कशाला? यावर ठरलेले उत्तर असे, ‘पाम तेल भरायला.’ म्हणून तहातच अट होती की, पिंपे तेलासाठी असतील तर निघाल्या बंदराच्या जकात कचेरीचा तसा दाखला दाखवा. काही जण पिंपे सुटी करून पट्ट्यांच्या जुड्या बांधून ठेवत आणि किनाऱ्यावर पुन्हा जोडत. पिंपे तळाला, त्यांवर फळ्या, फळ्यांवर माणसे, अशी रचना असे. फळ्या आणि पिंपे दोन्ही सापडली की तपासणाऱ्याला वेगळे काही विचारावे लागत नसे.

सागवान

पहिल्या प्रश्नाबद्दल. १८०८ मध्ये पाठवलेली जहाजे दोनच: ‘सोलबे’ ही ३२ तोफांची फ्रिगेट (मध्यम आकाराची युद्धनौका) आणि ‘डर्वेंट’ हा १८ तोफांचा स्लूप (त्याहून लहान युद्धनौका). किनारा हजारो मैलांचा आणि फ्रान्सशी युद्ध चालू. १८१८ मध्ये सर जॉर्ज कॉलियर कमोडोर (ताफ्याचे प्रमुख) म्हणून गेले, तेव्हा कुठे स्क्वाड्रन म्हणावे असे काही उभे राहिले.

युद्धनौका तोफांचे वजन, दारूगोळा आणि महिनोन्‌महिन्यांचा शिधा वाहायला बांधलेली. गुलामवाहू जहाजे बहुधा बाल्टिमोर क्लिपर घाटणीची: अरुंद, हलकी, मागे कललेल्या डोलकाठ्यांची आणि अंगापेक्षा मोठ्या शिडांची. मंद वाऱ्यात फ्रिगेट जागेवर डुलत राही आणि क्लिपर सटकून जाई.

यावर सर्वांत चांगला उपाय ठरला तो त्यांचीच जहाजे वापरण्याचा. सप्टेंबर १८२७ मध्ये ‘सिबिल’ या ब्रिटिश फ्रिगेटने ‘हेन्रिकेटा’ हे ब्राझिलियन जहाज ५६९ गुलामांसह पकडले. आरमाराने ते विकत घेतले आणि ‘ब्लॅक जोक’ नाव ठेवले. १ फेब्रुवारी १८२९ रोजी मोजून दोन तोफांच्या या जहाजाने लांबलेल्या पाठलागानंतर १४ तोफांचे ‘एल अल्मिरांते’ पकडले, ४६६ माणसे सुटली. वारा पडला तेव्हा लांब वल्ही मारून ते शत्रूच्या पिछाडीला येत राहिले, कारण गलबताच्या बाजूच्या तोफा मागे वळत नाहीत. फ्रिगेट असे वल्हवता येत नाही.

पण हलक्या बांधणीची किंमत असते. मे १८३२ मध्ये लाकूड इतके कुजलेले निघाले की ‘ब्लॅक जोक’ फ्रीटाउनला जाळून टाकावे लागले. याउलट मुंबईच्या गोदीत जमशेटजी बोमनजी वाडियांनी १८१७ मध्ये सागवानात बांधलेली ‘ट्रिंकोमाली’ आजही हार्टलपूलला तरंगते आहे. (ती या स्क्वाड्रनमध्ये नव्हती, तुलना फक्त लाकडाची.) सागातल्या तेलामुळे लोखंडी खिळे लवकर गंजत नाहीत. ओक लाकडातले टॅनिन हे आम्ल ते खाऊन टाकते.

शीडकाठी

मग पकडलेली जहाजे फ्रीटाउनला लिलावात विकत होते ना? ती पुन्हा गुलामांच्याच व्यापारात जात नसत?

दप्तरखाना

जात होती. दलालांमार्फत जुने मालकच विकत घेत आणि तेच जहाज पुन्हा पकडले जाई. १८३५ च्या तहात म्हणूनच ‘जहाज मोडून सुट्या भागांत विकावे’ असे घातले.

खारे_वारे

पकडल्यानंतरचे हालही लिहायला हवेत. बेनिनच्या आखातात जहाज पकडले की एक अधिकारी आणि थोडे खलाशी त्यावर देऊन फ्रीटाउनला पाठवायचे. पण गिनीचा प्रवाह पूर्वेला वाहतो आणि वारा नैऋत्येचा, दोन्ही तोंडावर. म्हणून दक्षिणेला विषुववृत्त ओलांडून व्यापारी वारे पकडायचे आणि मोठा वळसा घालून वर यायचे. यात कित्येक आठवडे जात. सुटका झालेली माणसे त्याच डेकखाली असत आणि वाटेत हगवणीने मरत. न्यायालय जवळ आणावे म्हणून १८२७ मध्ये फर्नांडो पो बेटावर ठाणे वसवले, पण तापाने ते टिकू दिले नाही.

ताप हाच या स्क्वाड्रनचा मोठा शत्रू. होड्या रात्री नदीमुखांत, खारफुटीत दबा धरून राहत आणि डास खलाशांना फोडून काढत. तेव्हा दोष दूषित हवेला देत. क्विनाइन हे हिवतापावरचे औषध होते, पण होडी जहाजावर परतली की देणे बंद करत. १८४७ च्या अहवालात डॉ. अलेक्झांडर ब्रायसन यांनी परतल्यावरही सुमारे दोन आठवडे ते चालू ठेवायला सांगितले, कारण ताप उशिरा उमटतो. त्या पद्धतीने मृत्यू बरेच घटले.

गोदाकाठ

तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर: नाही. शरणपूरची मुले पूर्व किनाऱ्यावरची. झांझिबारकडून अरबस्तानात जाणाऱ्या बगल्यांवरून (अरबी शिडाच्या जहाजांवरून) ब्रिटिश जहाजांनी सोडवलेली माणसे एडन, सेशेल्स, मुंबई इथे उतरवत. हे काम ईस्ट इंडीज स्टेशनच्या (ब्रिटिश आरमाराच्या हिंदी महासागरातल्या विभागाच्या) जहाजांचे, आणि १८६३ मध्ये मोडीत निघेपर्यंत मुंबईच्या इंडियन नेव्हीचेही. मुंबईत उतरवलेल्यांतली काही मुले ख्रिस्ती मिशनच्या शरणपूरच्या आश्रमात गेली आणि सुतारकाम, लोहारकाम शिकली. १८६५ मध्ये आफ्रिकेचा शोधप्रवासी लिव्हिंगस्टन याने तिथूनच नऊ जण बरोबर घेतले. पुढे त्याचे शव किनाऱ्यावर आणणाऱ्यांतला जेकब वेनराइटही नाशिकच्याच शाळेतला. मुंबईचे माजी गव्हर्नर बार्टल फ्रिअर यांच्या वाटाघाटींनंतर १८७३ मध्ये झांझिबारच्या सुलतानाशी गुलामांचा व्यापार थांबवण्याचा तह झाला. त्यानंतर मोंबासाजवळ सुटका झालेल्यांची वस्ती, फ्रीअरटाउन, वसली, तेव्हा नाशिकची बरीच मंडळी तिकडे गेली. आफ्रिकेत त्यांना ‘बॉम्बे आफ्रिकन’ म्हणत. त्या नावाने शोधलेत तर पुढचा धागा सापडेल.