मंगल कार्यालयात घसरून खुब्याचं हाड मोडलं, भरपाई कोणाकडे मागायची? मदत हवी आहे

नमस्कार मंडळी, गेल्या महिन्यात सांगलीजवळच्या एका मंगल कार्यालयात लग्नाला गेलो होतो. पंगतीनंतर हात धुवायच्या जागी माझी मावशी (वय ६४) घसरून पडली. खाली गुळगुळीत टाइल्स, त्यावर साबणाचं पाणी, ना रबरी मॅट ना पुसायला माणूस. खुब्याचं ऑपरेशन झालं. मालक म्हणतो, "पाणी केटररच्या माणसांनी सांडलं, आणि भिंतीवर पाटी आहे." पाटी आहे खरी: 'इजा झाल्यास व्यवस्थापन जबाबदार नाही.' पण उतारच चुकीचा असल्याने पाणी तिथे साचतं, हे तिथली पोरंच सांगत होती!

हॉलची पावती नवरदेवाच्या वडिलांच्या नावे आहे. ग्राहक संरक्षण कायदा २०१९ मध्ये पैसे देणाऱ्याच्या संमतीने सेवा घेणाराही ग्राहक धरतात आणि तक्रारीला दोन वर्षं मिळतात, असं वाचलंय. मग पाहुणी म्हणून मावशी स्वतः जिल्हा ग्राहक आयोगात (ग्राहकांच्या तक्रारी ऐकणाऱ्या) जाऊ शकते का? की दिवाणी दावाच लावावा? केटररलाही सोबत ओढायचं का? आणि त्या पाटीला कितपत किंमत? जागेचे फोटो आहेत, डिस्चार्ज कार्डावर 'ओल्या फरशीवर पडून' अशी नोंदही आहे. नवरदेवाकडच्यांशी संबंध बिघडवायचे नाहीत, त्यामुळे आधी नोटीस पाठवावी म्हणतोय. वकील मंडळींनी किंवा असं प्रकरण लढवलेल्यांनी कृपया सांगा.