विषय: अपघात टाळण्याच्या पत्रकाचं पान ३ – आलेखातला बंदुकीचा स्तंभ ठेवायचा की काढायचा?

सचिव, फोंडा:
मंडळी, छापखान्याला उद्या दुपारी फाइल द्यायची आहे आणि पान ३ अजून अडलंय. अपघाती मृत्यूंचे स्तंभ काढून पाहिले. अमेरिकेतले २०२१ चे आकडे: वाहन अपघात ४५,४०४, पडून ४४,६८६, बंदूक चुकून उडून ५४९. वाहनांचा स्तंभ १८ सेंटिमीटर धरला तर बंदुकीचा जेमतेम २ मिलिमीटर येतो. छापल्यावर शाईचा डाग वाटेल. काढून टाकू?

भाई, वाळपई:
बंदूक काढू नका, स्तंभच काढा. हे पत्रक गोव्यातल्या सत्तरी तालुक्यात वाटायचंय. रस्त्यावर सगळेच असतात, बंदूक सगळ्यांच्या घरी नसते. अमेरिकेत दहांतले साधारण चार प्रौढ बंदूक असलेल्या घरात राहतात, म्हणून ते ५४९ बहुतेक तिथलेच. आपल्याकडे पीक राखणीचे परवाने ठरावीक वाड्यांवर आहेत. किती जणांपैकी किती गेले ते न लिहिता स्तंभ शेजारी उभे केले, तर परवानेवाला म्हणणार, ‘बघा, बंदुकीने काही होत नाही.’

ताई, म्हापसा:
भाईंना दुजोरा. शिवाय ५४९ हा आकडाच अपुरा आहे. मृत्यूच्या नोंदीत बंदूक चुकून उडाल्याचे जे संकेतांक आहेत, डब्ल्यू ३२ ते डब्ल्यू ३४, त्यांखाली जे आले तेवढेच यात मोजलेत. एका मुलाच्या हातून दुसऱ्याला गोळी लागली, तर तिथले काही तपासनीस तो मृत्यू ‘दुसऱ्याच्या हातून’ म्हणून मनुष्यवधात घालतात. त्याच वर्षी बंदुकीने एकूण ४८,८३० माणसं गेली, त्यांतल्या २६,३२८ आत्महत्या. अपघाताचा वाटा शेकडा एकाच्या थोडा वर. तेव्हा बंदूक कुलपात, काडतुसं वेगळ्या कुलपात, चाव्या दोन ठिकाणी, हे वाक्य फक्त अपघातापुरतं नाही. ते ठळक छापा.

काका, काणकोण:
बुडण्याचा मजकूर पान २ वर ठरलाय, तो कापून जागा करू नका. देशात २०२२ मध्ये पोलिसांच्या नोंदीप्रमाणे ३८ हजारांवर माणसं बुडाली. बंद खाणींतल्या पाण्याचं वाक्य तर राहिलंच पाहिजे: काठ सरळ कापलेला, उथळ भाग नाही, माती निसटते, पोहणाऱ्यालाही वर चढता येत नाही.

सचिव, फोंडा:
काका, पान २ ला हात लावत नाही. भाई, मग पान ३ वर काय? जागा अर्धं पान.

भाई, वाळपई:
हे घ्या.

ठासणीची बंदूक (नळीच्या तोंडातून दारू-छर्रे ठासून भरायची) मागून उघडत नाही, त्यामुळे भरलेली आहे का ते नुसतं बघून कळत नाही. रिकामी असल्याची खात्री असेल तेव्हा ठासायचा गज नळीत तळापर्यंत सोडा आणि नळीच्या तोंडाशी गजावर खूण करा. पुढे कधीही टोपी (घोड्याच्या ठोक्याने पेटून बार उडवते ती) काढून, आपलं तोंड नळीपासून बाजूला ठेवून गज सोडा. खूण नळीच्या वर राहिली तर आत बार, म्हणजे भरलेले दारू-छर्रे, आहे. त्यावर दुसरा ठासला तर नळी फुटू शकते.

कुंपण ओलांडताना, राखणीच्या माळ्यावर चढताना टोपी काढलेलीच हवी. टोपीवर टेकलेल्या घोड्याला ठोका बसला की बार उडतो. घोडा अर्धा चढवून ठेवण्यावरही भिस्त नको, जुन्या बंदुकीत ती खाच झिजलेली असते.

टोपी वाजली पण बार उडाला नाही, तर नळी मोकळ्या दिशेला धरून पूर्ण मिनिटभर थांबा. ओलसर दारू उशिरा पेटते, आणि आपल्या पावसात ती ओलसर असतेच.

बारा बोरची बंदूक असलेल्या घरात त्याहून बारीक, वीस बोरचं काडतूस नको. ते बाराच्या नळीत पुढे सरकून अडकतं, मागे बाराचं बसतं, आणि चाप ओढला की नळी फाटते. वीसचं काडतूस पिवळं करतात ते यासाठीच.

झुडूप हललं म्हणून चाप ओढायचा नाही. अख्खं जनावर आणि त्याच्या मागे काय आहे, दोन्ही दिसलं पाहिजे. परवाना राखणीचा आहे, शिकारीचा नाही.

ताई, म्हापसा:
‘मिनिटभर’ नको, ‘६० सेकंद मोजा’ लिहा. घाबरलेल्या माणसाचं मिनिट दहा सेकंदांत संपतं.

सचिव, फोंडा:
केलं. स्तंभ काढले. भाई, गज आणि खुणेचं रेखाचित्र आज रात्री पाठवाल का? नळी उभी दाखवा, आडवी बसत नाही.