निर्मात्याकडे असलेली जुनी स्वतंत्र ध्वनिमुद्रणे सर्वांसाठी खुली कशी करावीत?

जुना_स्पूल यांचा प्रश्न:

माझ्या परिचयातील एक संगीत निर्माते वयोमानामुळे आता स्टुडिओतील काम थांबवत आहेत. मोठ्या ध्वनिमुद्रिका कंपन्यांच्या वाटेला न गेलेले गायक-वादक, छोटे बँड आणि पदरमोड करून कॅसेट काढणारे कवी-गायक यांची ध्वनिमुद्रणे त्यांनी उमेदीच्या साऱ्या वर्षांत केली. त्यांतील बहुतेकांच्या मूळ टेप त्यांच्याकडेच राहिल्या आहेत. पाव इंची स्पूल, चार ट्रॅकच्या (चार स्वतंत्र ध्वनिपट्ट्यांच्या) कॅसेट, डॅट (छोट्या कॅसेटवरील डिजिटल ध्वनिमुद्रण), अ‍ॅडॅट (व्हिडिओ कॅसेटवर डिजिटल ध्वनिमुद्रण करणारे यंत्र) यावर केलेली आठ ट्रॅकची कामे, सीडी-आर आणि नंतरच्या काळातील हार्ड डिस्क असा हा मिश्र संग्रह आहे. काही गाणी त्या वेळी थोड्या प्रतींत विकली गेली, पण बरीचशी कधीच बाहेर आली नाहीत.

हा सारा ठेवा इंटरनेटवर कोणालाही विनामूल्य ऐकता यावा, अशी त्यांची मनापासूनची इच्छा आहे आणि ती त्यांच्या हयातीत पुरी व्हावी, अशी माझी. टेप त्यांच्या मालकीच्या आहेत, एवढ्यावर त्यांना हे करण्याचा अधिकार पोहोचतो का? कामाला सुरुवात कोठून करावी, आणि कायमस्वरूपी ठेवण्यासाठी जागा कोणती निवडावी? ज्यांनी असे काम केले आहे त्यांनी कृपया सविस्तर लिहावे.

हक्कविचार यांचे उत्तर:

टेप हातात असणे वेगळे आणि तिच्यावरील आवाजाचा हक्क हातात असणे वेगळे. आपल्या प्रश्नातील कळीचा मुद्दा हाच आहे, म्हणून आधी त्याविषयी लिहितो.

एका गाण्यात हक्कांचे निदान तीन पदर असतात. शब्द आणि चाल हा पहिला पदर गीतकार-संगीतकारांचा असतो. प्रत्यक्ष ध्वनिमुद्रण हा दुसरा, आणि तो साधारणपणे ध्वनिमुद्रणासाठी पुढाकार घेऊन त्याची जबाबदारी उचलणाऱ्याकडे जातो, मात्र याचे नियम देशागणिक बदलतात. बँडने स्टुडिओचे भाडे भरून काम करून घेतले असेल, तर निर्मात्याने त्यात कितीही जीव ओतलेला असला तरी हा हक्क बँडचा असण्याची शक्यता अधिक. उलट त्यांनी स्वतःच्या पैशाने टेप विकत घेतली असेल, वादकांना बोलावून त्यांचे मानधन दिले असेल, तर पारडे त्यांच्या बाजूला झुकते. तिसरा पदर प्रत्यक्ष गाणाऱ्या-वाजवणाऱ्यांचा आहे. १९९६ च्या वायपो (जागतिक बौद्धिक संपदा संघटना) करारात सादरकर्त्याचे नाव लागण्याचा आणि त्याच्या सादरीकरणाची अप्रतिष्ठा करणारी मोडतोड थांबवण्याचा हक्क मान्य केलेला आहे, आणि हा हक्क पैशांच्या व्यवहारापासून स्वतंत्र आहे.

इतकी जुनी गाणी आता मुक्त झाली असतील, असे अनेकांना वाटते, पण तसे नसते. त्याच करारानुसार ध्वनिमुद्रणांना किमान ५० वर्षांचे संरक्षण आहे. भारतात प्रसिद्ध ध्वनिमुद्रणांसाठी ही मुदत ६० वर्षांची आहे आणि युरोपीय संघाने २०११ मध्ये ती ७० वर्षांपर्यंत वाढवली. डॅट १९८७ मध्ये बाजारात आले आणि अ‍ॅडॅट त्यानंतर काही वर्षांनी, तेव्हा या दोन माध्यमांवर मुळात ध्वनिमुद्रित झालेले काहीही यांतील कोणत्याच मुदतीबाहेर गेलेले असू शकत नाही. ज्यांचे हक्कदार सापडतच नाहीत अशा कृतींसाठी युरोपीय संघाने २०१२ मध्ये सवलत दिली खरी, परंतु ती सार्वजनिक ग्रंथालये, संग्रहालये, अभिलेखागारे अशा संस्थांसाठी आहे, व्यक्तीसाठी नाही. एखादी संस्था या कामात सोबत घेण्याचा विचार करावा, तो या कारणासाठीही.

म्हणून प्रत्येक ध्वनिमुद्रणाचा कागद शोधावा: करार, पावती, पत्र, स्टुडिओच्या नोंदवहीतील एखादी ओळ, जे सापडेल ते. काहीच सापडले नाही तर निर्मात्यांना जे आठवते ते तारखेसह लिहून त्यांची सही घ्यावी. त्या टिपणाने हक्क सिद्ध होत नाही, पण परवानगी कोणाकडे मागायची ते त्यावरून कळते. दुसऱ्या कोणाच्या गाण्याची नव्याने केलेली आवृत्ती आणि इतरांच्या ध्वनिमुद्रणातून उचललेले तुकडे यांचा गठ्ठा मात्र पहिल्यापासून बाजूला ठेवावा, कारण तेथे बँडची परवानगी पुरत नाही.

मंद्र_सप्तक यांचे उत्तर:

हक्कांविषयी वर नेमके लिहिले गेले आहे, म्हणून मी टेपकडे वळतो. परवानग्यांची वाट पाहत टेप आणखी काही वर्षे पडून राहू देऊ नयेत. डिजिटल प्रत करणे आणि ती प्रसिद्ध करणे ही दोन स्वतंत्र कामे आहेत, आणि पहिल्याला उशीर परवडणारा नाही.

स्पूल सापडला की तो लगेच मशीनवर चढवण्याचा मोह आवरावा. १९७० आणि १९८० च्या दशकांतील अनेक टेपमध्ये चुंबकीय थर धरून ठेवणारा चिकट घटक हवेतील ओलावा शोषून विघटित होतो. अशी टेप वाजवायला घेतली की ती कण्हल्यासारखा आवाज करत हेडला (टेपवरचा आवाज वाचणाऱ्या भागाला) चिकटू लागते आणि तपकिरी थर मशीनवर उतरतो. तो थर म्हणजेच ध्वनिमुद्रण, त्यामुळे एकदा तो खरवडला गेला की परत आणता येत नाही. यावर सुमारे ५४ अंश सेल्सियसला काही तास नियंत्रित उष्णता देण्याचा रूढ उपाय आहे. त्याचा परिणाम तात्पुरता असल्याने टेप त्यानंतर काही आठवड्यांत उतरवून घ्यावी लागते. हे काम अनुभवी माणसाकडूनच करून घ्यावे. जुन्या अ‍ॅसिटेट टेपला तर अशी उष्णता मुळीच देऊ नये.

क्रम ठरवताना सर्वांत जुने ते आधी, असे करू नका. माझ्या मते डॅट आणि अ‍ॅडॅट आधी घ्यावे. अ‍ॅनालॉग (डिजिटल नसलेला) स्पूल थोडा बिघडला तर खरखर वाढते, पण गाणे ऐकू येत राहते. डॅटमधील चुका दुरुस्तीच्या पलीकडे गेल्या की आवाज तुटतो किंवा थेट शांतता येते. शिवाय चालू स्थितीतील यंत्रे आणि ती दुरुस्त करणारे हात दोन्ही कमी होत चालले आहेत. सीडी-आर आणि जुन्या हार्ड डिस्क यांची प्रत तर आजच्या आज करून ठेवावी, त्याला विशेष कौशल्य लागत नाही.

कॅसेटच्या बाबतीत दोन गोष्टी आवर्जून सांगतो. मागच्या कडेच्या प्लॅस्टिकच्या कळ्या शाबूत असतील तर त्या आधी तोडाव्यात, म्हणजे चुकून त्यावर काही ध्वनिमुद्रित होणार नाही. दुसरे म्हणजे हेडचा कोन प्रत्येक कॅसेटसाठी कानाने जुळवावा. बारीक स्क्रू किंचित फिरवताच झांजांची आणि शब्दांतील ‘स’ची धार एकदम उघडते, आणि ज्या ध्वनिमुद्रणाला सगळे जण मळकट म्हणत होते ते स्वच्छ ऐकू येते. हे प्रत उतरवतानाच करावे, कारण कोन चुकल्यामुळे गेलेली धार नंतर सॉफ्टवेअरने खऱ्या अर्थाने परत येत नाही. चार ट्रॅकच्या कॅसेट साध्या डेकवर लावू नयेत. त्यांतील दोन ट्रॅक उलटे ऐकू येतात, आणि अशी अनेक यंत्रे दुप्पट वेगाने चालत असल्याने गतीही जुळत नाही.

ध्वनी अभिलेखागारांची आंतरराष्ट्रीय संघटना आयासा हिच्या मार्गदर्शिकेनुसार डिजिटल प्रतीचा दर्जा (आवाजाच्या नमुन्यांचा दर आणि बारकावा) किमान ४८ किलोहर्ट्झ, २४ बिट ठेवावा. अ‍ॅनालॉग टेपसाठी ९६ किलोहर्ट्झ घेतल्यास उत्तम. त्या दर्जाच्या स्टिरिओ ध्वनीला तासाला साधारण २ गिगाबाइट जागा लागते, म्हणजे आजच्या डिस्कच्या मानाने फार नाही. डॅट मात्र मूळ दरानेच, डिजिटल जोडणीने उतरवावे. मूळ प्रत वेव्ह या न दाबलेल्या फाइलप्रकारात जशीच्या तशी जपावी, तिच्यातील खरखर काढू नये, आवाज वाढवू नये. ऐकणाऱ्यांसाठी जे काही सुधारायचे ते वेगळ्या प्रतीत करावे. प्रत्येक फाइलची चेकसम (फाइल बदललेली नाही ना, हे तपासण्याचा अंक) काढावी, आणि तीन प्रतींपैकी निदान एक दुसऱ्या इमारतीत असावी.

आता मला सर्वांत महत्त्वाचे वाटते ते सांगतो. टेपच्या खोक्यावर पेन्सिलीने लिहिलेले असते, ‘टेक ३, हाच घ्यायचा’ (टेक म्हणजे गाण्याचे एकदा केलेले ध्वनिमुद्रण), आणि ट्रॅकच्या कागदावर सातव्या रकान्यात कोणाचे तरी फक्त पहिले नाव असते. ती व्यक्ती कोण, ती पुन्हा कधी गायली का, तिसराच टेक का निवडला, हे त्या एका निर्मात्याखेरीज कदाचित कोणालाही ठाऊक नसेल. म्हणून उतरवलेली गाणी त्यांच्यासमोर बसून वाजवा आणि ते जे बोलतील ते ध्वनिमुद्रित करत राहा. प्रश्नावली घेऊन बसू नका. गाणे सुरू झाले की आठवणी आपोआप निघतात. खोके, आतले कागद, चिठ्ठ्या या सगळ्यांची छायाचित्रे काढा. टेप काही काळ थांबेल, पण ही माहिती आताच हाती लागायला हवी.

खुला_स्वर यांचे उत्तर:

वरील सावधगिरीचा मला आदर आहे, तरी एक बाजू मांडावीशी वाटते. प्रत्येक वादकाची लेखी संमती येईपर्यंत थांबायचे ठरवले तर यांतील निम्मे संगीत कधीच ऐकले जाणार नाही. या कलाकारांपैकी अनेकांच्या आयुष्यात हे एकच ध्वनिमुद्रण झाले असेल, आणि आपले गाणे कोणी जपून ठेवले आहे हेही त्यांना माहीत नसेल. सगळे प्रसिद्ध करावे, हरकत आली की ते गाणे तत्काळ काढावे, आणि तसे ठळकपणे लिहून ठेवावे. विस्मरण हेही नुकसानच आहे, आणि त्याविरुद्ध तक्रार करायला कोणी येत नाही.

हक्कविचार यांचे उत्तर:

विस्मरणाविषयी आपण लिहिलेले मला पूर्ण पटते, उपायाविषयी मात्र मतभेद आहे. हरकत आल्यावर काढून टाकणे हे सौजन्य आहे, त्याने आधीच्या प्रकाशनाला परवानगी मिळत नाही. जुन्या ७८ आरपीएम तबकड्यांच्या डिजिटल प्रती खुल्या केल्याबद्दल इंटरनेट आर्काइव्ह या विनामूल्य डिजिटल ग्रंथालयावर २०२३ मध्ये मोठ्या कंपन्यांनी दावा दाखल केला होता. आपल्या संग्रहाच्या मागे कंपन्या लागणार नाहीत, पण जपणुकीचा हेतू चांगला आहे एवढ्याने कायदेशीर प्रश्न मिटत नाही, हे त्यावरून लक्षात यावे.

त्याहून मोठी गोष्ट विश्वासाची आहे. कधीही प्रसिद्ध न झालेले गाणे हे अनेकदा कलाकाराने विचारपूर्वक न काढलेले गाणे असते. त्याने निर्मात्यावर विश्वास ठेवून टेप त्यांच्याकडे सोडली, म्हणजे ती जगासमोर ठेवायला सांगितले असे होत नाही.

मधला मार्ग असा, की आवाजाआधी यादी प्रसिद्ध करावी. कलाकार, बँड, वर्ष, गाण्याचे नाव, वाजवणारे आणि निर्मात्यांनी सांगितलेल्या दोन-चार ओळी एवढे द्यायला सहसा कोणाची परवानगी लागत नाही, आणि शोधयंत्रांत ती नावे दिसू लागतात. स्वतःचे किंवा आईवडिलांचे नाव शोधणारा माणूस त्या यादीपर्यंत पोहोचतो आणि स्वतःहून पत्र लिहितो. ज्यांची संमती मिळेल त्यांची गाणी तिथेच जोडत जावीत.

जुना_स्पूल यांचे उत्तर:

सर्वांचे मनापासून आभार. यादीची कल्पना निर्मात्यांना सांगितली, ती त्यांना फार आवडली. आता दोन शंका उरल्या आहेत. काही टेपवर गाण्यांच्या मधले बोलणे आहे. त्यात तालमीतले वाद आहेत, हसणे आहे, एखाद्याला दिलेला धीर आहे, आणि मला तो भाग गाण्यांइतकाच मोलाचा वाटतो. त्याचे काय करावे? आणि जागेचा प्रश्न राहिलाच आहे.

मंद्र_सप्तक यांचे उत्तर:

बोलणे जपावे, मूळ प्रतीतून एक सेकंदही कापू नये. प्रसिद्ध मात्र त्यातील प्रत्येक व्यक्तीने ऐकून होकार दिल्यावरच करावे. गाण्याला दिलेल्या संमतीत हा भाग धरू नये. मायक्रोफोन चालू आहे हे त्या वेळी सर्वांना ठाऊक असेलच असे नाही. जे हयात नाहीत त्यांच्या बाबतीत घरच्यांना ऐकवून विचारावे, आणि ऐकवताना सोबत बसावे, कारण गेलेल्या माणसाचा आवाज अचानक कानी पडणे सोपे नसते.

जागा एकच निवडू नये. मायस्पेस या सामाजिक संकेतस्थळावर २०१५ पूर्वी चढवलेले संगीत सर्व्हर बदलताना नष्ट झाल्याचे २०१९ मध्ये उघड झाले, आणि ज्यांनी तीच आपली एकमेव प्रत मानली होती त्यांतील बहुतेकांचे काम कायमचे गेले. इंटरनेट आर्काइव्ह मूळ फाइल आणि सविस्तर माहिती दोन्ही ठेवून घेते, म्हणून मुख्य जागा ती असावी. कलाकाराला काही उत्पन्न हवे असेल तर त्याने ते गाणे बँडकॅम्प या गाणी विकण्याच्या संकेतस्थळावर स्वतःच्या नावाने लावावे आणि यादीतून तिकडे दुवा द्यावा. व्हिडिओच्या संकेतस्थळांचा उपयोग लोकांपर्यंत पोहोचण्यापुरताच करावा. तेथील स्वयंचलित ओळख यंत्रणेमुळे स्वतःच्याच गाण्यावर परक्याचा दावा लागल्याचे प्रकार घडतात.

संमतिपत्र एका पानाचे आणि सोप्या भाषेत असावे. गाणे कोणते, ते फक्त ऐकू द्यायचे की उतरवूनही घेऊ द्यायचे, नाव कसे छापायचे आणि उत्पन्न झाले तर ते कोणाचे, एवढे त्यात स्पष्ट हवे. क्रिएटिव्ह कॉमन्स परवाना (इतरांना वापराची ठरावीक मुभा देणारा तयार परवाना) सुचवणार असाल तर तो एकदा दिल्यावर ज्यांनी प्रती घेतल्या त्यांच्याकडून परत घेता येत नाही, हे सही होण्यापूर्वी तोंडी समजावून सांगा. बहुतेकांना अव्यावसायिक वापराचा परवाना रुचतो, पण तो निर्णय त्यांनाच घेऊ द्या. पहिली पत्रे, कागदपत्रे पूर्ण असलेल्या आणि पत्ते हाती असलेल्या कलाकारांना पाठवावीत. त्यांची गाणी वर आली की बाकीच्यांचा ठावठिकाणा अनेकदा त्यांच्याकडूनच कळतो.