परदेशात दोघं, आणि वाटेतली फजिती : अनुभव धागा

बेळगाव, खानापूर, निपाणीकडची पुष्कळ माणसं आता जोडीनं परदेशी जातात. नवरा-बायको, मावशी-भाची, दोघं मित्र. वाटेत फजिती होतेच, पण त्याच रात्री तिच्यावर दोघांना हसता येईल का, हे निघायच्या आधीच बरंचसं ठरलेलं असतं. म्हणून या धाग्यात आपली कहाणी नको. गडबड नेमकी कुठं होते, का होते आणि हसू शिल्लक राहावं म्हणून काय करून ठेवायचं, तेवढंच लिहा.

टिळकवाडीहून

बेळगावच्या सांबरा विमानतळावरून परदेशी विमान नाही, त्यामुळं पहिली चूक आपल्याच मुलखात होते. गोव्यात आता दोन विमानतळ आहेत, दाबोळी आणि मोपा. तिकिटावर दोन्हीकडं 'गोवा' लिहिलेलं असतं, खरा फरक कोडमध्ये. दाबोळी म्हणजे जीओआय, मोपा म्हणजे जीओएक्स. एकापासून दुसरीकडं जायला तासाहून जास्त लागतो. बेळगावातून वाटही वेगळी. दाबोळीला चोर्ला घाट उतरून फोंड्याकडं जायचं, मोप्याला आंबोलीवरून सावंतवाडी-बांद्याकडनंही जाता येतं. एकानं तिकीट काढलं आणि दुसऱ्यानं गाडी ठरवली की हमखास घोळ होतो. म्हणून ड्रायव्हरला 'गोवा एअरपोर्ट' म्हणू नका, गावाचं नाव सांगा.

दुसरा घोळ मध्यरात्रीचा. तिकिटावर 15 तारीख, वेळ 00:40 असेल, तर विमानतळावर 14 तारखेच्या रात्री साडेनऊला पोचायचं. बेंगळूरहून विमान असेल तर बेळगावातून 13 च्या रात्रीच निघायचं, कारण रात्रीची बस किंवा राणी चन्नम्मा एक्सप्रेस सकाळी पोचवते. हे तिन्ही आकडे एका कागदावर लिहा आणि दोघांनी एकमेकांना मोठ्यानं वाचून दाखवा. मनातल्या मनात वाचताना डोळा 15 वरच थांबतो.

शहापूरहून

खाऊबद्दल लिहितो, कारण कस्टममध्ये सगळ्यात जास्त करमणूक आणि सगळ्यात जास्त नुकसान तिथंच होतं.

कुंदा हा खव्याचा, म्हणजे दुधाचा पदार्थ. युरोपियन संघात बाहेरून येणाऱ्या प्रवाशाला दुधाचे पदार्थ आणता येत नाहीत. डबा सीलबंद असला तरी तोच नियम. लेकीसाठी दोन किलो कुंदा नेला तर तो कस्टमवाल्याच्या टेबलावरच राहतो.

गोकाकच्या करदंटाची, म्हणजे सुकामेवा-डिंकाच्या मिठाईची, अडचण निराळी. त्यात पुष्कळदा खसखस असते, आणि दुबई-सिंगापूरला खसखस न्यायला बंदी आहे. घरच्या मसाल्यातही ती असते, ते लक्षात राहत नाही. तिकडं न्यायचं असेल तर खसखस न घातलेलं करून घ्या. शिवाय करदंटात डिंक. सिंगापुरात 1992 पासून च्युइंगम आणायला बंदी आहे, आणि तिथं 'यात काय आहे' विचारल्यावर सोबतीला आलेली व्यक्ती मोठ्या उत्साहानं 'गम' असं भाषांतर करते! नंतर या एका शब्दावर वर्षभर हसता येतं, पण त्या टेबलाशी नाही. घटकांची इंग्रजी यादी पाकिटावर चिकटवा, डिंकापुढं 'अकेशिया गम, खाण्याचा' असं लिहा, आणि बोलायचं काम दोघांपैकी एकानंच करा.

ऑस्ट्रेलियाला खायचं जे काही असेल ते फॉर्मवर जाहीर करा. जाहीर केलेली वस्तू फार तर ठेवून घेतात, दंड लपवल्याचा होतो. सुक्या खोबऱ्याच्या वाट्या बॅगेत भरू नका. त्यात तेल असतं, ते पेट घेऊ शकतं, म्हणून विमानात मनाई आहे. लोणचं आणि तूप हातातल्या बॅगेत चालत नाही.

निपाणीहून

कपडे एकमेकांच्या बॅगेत मिसळून भरा. दोन बॅगा असतील तर प्रत्येकीत दोघांचे दोन-दोन जोड, दोघांच्या पासपोर्टची झेरॉक्स, थोडे पैसे. एक बॅग आली नाही तरी दोघांना बदलायला कपडे राहतात. असं केलं नाही तर काकांना काकूंच्या शालीत दोन दिवस काढावे लागतात. फोटो छान येतो, थंडी मात्र जात नाही.

बॅग आली नाही तर विमानतळाबाहेर पडू नका. पट्ट्याजवळच्या काउंटरवर लेखी तक्रार करा, तिला पीआयआर म्हणतात. बोर्डिंग पासला चिकटवलेली बॅगेची पावती तिथं लागते, ती टाकू नका. फुटक्या बॅगेची लेखी तक्रार 7 दिवसांत आणि उशिरा आलेल्या बॅगेची 21 दिवसांत करायची असते.

पॉवर बँक मात्र मोठ्या बॅगेत कधीच नाही, ती हातातच. मर्यादा 100 वॅट-तास. 20,000 एमएएचची असेल तर 20 गुणिले 3.7 व्होल्ट, म्हणजे 74 वॅट-तास. ती चालते.

अनगोळहून

थोडकंच. 1 नोव्हेंबर 2014 ला बेळगावचं सरकारी नाव बदललं. त्यामुळं एकाच घरातल्या दोघांच्या पासपोर्टवर जन्मगाव दोन स्पेलिंगांत असू शकतं. व्हिसाच्या फॉर्मवर ज्याचं त्याच्या पासपोर्टवर जसं आहे तसंच भरा. एकसारखं दिसावं म्हणून सुधारायला जाऊ नका.

खानापूरहून

तिकडच्या पुष्कळ न्हाणीघरांत जमिनीला मोरीच नसते. पाणी फक्त टबात किंवा काचेआड जातं. पडदा टबाच्या आत सोडायचा, बाहेर सोडला की पाणी थेट खोलीतल्या गालिच्यावर. आपला हात बादली-तांब्याचा, म्हणून ही चूक पहिल्याच सकाळी होते. पहिला आंघोळीला जाईल त्यानं दुसऱ्याला दाखवावं, लाजू नये.

स्वयंपाकाची सोय असलेल्या खोलीत फोडणीनं धुराचा अलार्म वाजतो. तेल धुरकटेपर्यंत तापवू नका, मोहरी टाकताच झाकण ठेवा, मिरची शेवटी घाला, धूर ओढणारा पंखा आधी चालू करा. एकानं कढईपाशी, दुसऱ्यानं खिडकीपाशी उभं राहायचं. अलार्मवर पिशवी बांधू नका, तो गुन्हा ठरू शकतो.

वडगावहून

बगा की, सगळ्यात घाबरवणारं म्हणजे आगगाडीचं दार. युरोपात पुष्कळ गाड्यांचं दार आपोआप उघडत नाही, बटण दाबावं लागतं. काही जुन्या मेट्रोंत खटका उचलावा लागतो. दार मिटायला लागलं की हात घालू नका. एक आत, एक बाहेर, असं झालं तर नियम एकच: आतला पुढच्या स्टेशनवर उतरून तिथंच थांबेल, बाहेरचा मागच्या गाडीनं येईल. आतला उलट फिरला आणि बाहेरचाही निघाला की दोघंही चुकतात. हॉटेलचा पत्ता दोघांच्याही खिशात कागदावर हवा, कारण फोन बहुतेक एकाकडंच असतो.

इटलीत साध्या गाडीच्या कागदी तिकिटावर चढायच्या आधी फलाटावरच्या मशीनमध्ये तारीख-वेळ छापून घ्यावी लागते, नाहीतर तिकीट असूनही दंड. दोघांची दोन तिकिटं असतील तर दोन्ही छापा.

भेट झाल्यावर आधी 'पाणी पितेस का' विचारा. हसण्याची सुरुवात घाबरलेल्या माणसाला करू द्या.